आंधळं दार

हरिओमचा खेळ डब्यात भरून बाजारात आला, त्यातला एक डबा शीतलनं जालन्याहून घरी आणला. शीतल माझी नात. मी अंगणात उडीद पाखडत होते. तिनं डबा माझ्यापुढं ठेवला, चप्पल न काढताच पायरीवर बसली आणि म्हणाली, "आजी, पान अकरा वाच."

मी आधी झाकण वाचलं. मला अक्षरं सावकाश लागतात. झाकणावर लाल अक्षरांत खेळाचं नाव होतं, 'गढी'. त्याखाली 'निर्मिती : हरिओम'. मी डबा उलटा करून बुडालाही पाहिलं.

"तुझं नाव कुठंय?"

"न्हाई."

"आतमधी असंल."

"आजी, पान अकरा वाच म्हणलं ना."

पान अकरावर आमचे पोखरे होते.

हा खेळ फोनवरचा नाही. चारपाच जणांनी कापडी पटाभोवती बसून खेळायचा. पटावर चौकोनी घरं असतात, फासे असतात, आणि प्रत्येकानं एक जमात निवडायची. कुणी वाघमाणसं घेतो, कुणी गरुडमाणसं, कुणी दगडमाणसं. त्या जमातीचं अंग, खाणं, राग, रीत सगळं पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि खेळताना तसंच वागायचं. शीतलला कॉलेजात याचं वेड लागलं. तिचा वर्गातला मित्र हरिओम असला खेळ आपण मराठीत करू म्हणाला, तेव्हा तिनं स्वतःची जमात करायला घेतली. उंदरासारखी माणसं. कंबरेएवढी उंच, मिशांनी अंधार वाचणारी, दात रोज वाढतात म्हणून सतत काहीतरी कुरतडणारी. नाव तिनं ठेवलं, पोखरे. पण ते जगतात कसे, हे तिला सुचेना. तेव्हा ती माझ्याकडं आली. उंदीर मला माहीत आहेत.

दुष्काळाच्या साली मी सोळा वर्षांची होते. जिथं थोडीफार ज्वारी आली होती, तिथल्या बांधावर माझी आई मला घेऊन जायची आणि आम्ही उंदरांची बिळं खणायचो. बिळात कणसं साठवलेली असतात. आईचं नाव सगुणाबाई. ती जमिनीला कान लावून सांगायची, इथं कोठार आहे, इथं पिल्लं आहेत. दोन कोठारं काढली की तिसरं ती हातानं माती लोटून बुजवून टाकायची. माझ्या पोटात आग पडलेली असायची. मी ओरडायचे, "माय, त्यात बी हायेत ना कणसं!"

"असू दे. तिची बी पिल्लं हायेत. एक कोठार सोडायचं. सगळं नेलं तर ती आपल्या मागं घरापर्यंत येती."

हे मी शीतलला सांगितलं. बिळाला किती तोंडं असतात, नवीन खाणं आधी एकच उंदीर चाखतो आणि बाकीचे वाट बघतात, तेही सांगितलं. तिनं हिरव्या वहीत लिहून घेतलं, चित्रं काढली. मी एकसष्टाव्या वर्षी तिच्याकडूनच अक्षरं शिकले होते, पण तोवर दुकानाच्या पाट्या आणि लग्नपत्रिका याच्यापुढं काही वाचलं नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी वाचलेलं पहिलं पुस्तक म्हणजे ती हिरवी वही. त्यात माझी आई होती. ती पोखऱ्यांची म्हातारी झाली होती, आणि तिचा शब्द त्यांचा कायदा झाला होता. 'जो खणेल पण एक कोठार सोडेल, त्याच्याशी वैर नाही. जो सगळं नेईल, त्याचा पिच्छा सोडायचा नाही.'

आता डब्यातल्या पान अकरावर असं छापलं होतं :

'पोखरे. उंदरासारखी घाणेरडी जमात. खोटारडे आणि चोरटे. यांच्या बायका पोरांना चोरी शिकवतात. इतके भित्रे, की लुटायला गेले तरी शेवटचं कोठार सोडून पळतात. मालक मिळाला तर चांगले नोकर होतात.'

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं, कारण माझ्याच वाचण्यात चूक होत असेल असं वाटलं.

"यानं असं का लिहिलं?" मी विचारलं.

"म्हणतो, खेळात कुणीतरी वाईट जमात लागती. लोकांना हसायला लागतं." शीतल नखं कुरतडत होती. "वहीच्या पानांचे फोटो काढून नेल्ते त्यानं. टाईप करून आणतो म्हणला. मी विचारलं नाव कुठंय, तर म्हणला, कल्पना सगळ्यांच्याच असतात, खेळ मी केला."

"मंग तू काय म्हणलीस?"

"काय म्हणू? जाऊ दे आजी. मला त्याचं तोंड बी बघायचं न्हाई."

तिनं हिरवी वही कपाटावर टाकली. रोज संध्याकाळी चित्रं काढणारी पोर, दिवाळीच्या सुट्टीभर तिनं पेन्सिल हातात धरली नाही. मी वही खाली काढून पुसून उशाखाली ठेवली.

हरिओमला मी ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी तो आमच्याकडं तीर्थपुरीला तीन दिवस राहून गेला होता. जेवायला घातलं, अंथरूण दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला बीळ बघायचं होतं म्हणून मी दोघांना शेतावर नेलं. एका बिळाची तीन उघडी तोंडं होती. दोन तोंडांवर दगड ठेवले, तिसऱ्यात गोवरीचा धूर सोडला. हरिओमनं फोनवर सगळं घेतलं. मी म्हणाले, "आता थांब. धूर कोंडला की बघ काय होतं." पण त्याला ऊन लागत होतं. "आजी, कळलं, आत गुदमरून मरतो," म्हणाला आणि बाभळीखाली जाऊन बसला. शेवट त्यानं पाहिलाच नाही. परत येताना बसथांब्यावर मी त्याला विचारलं होतं, "ह्या गाडीवर काय लिहिलंय रे?" माझा चष्मा घरी राहिला होता. तो हसून शीतलला म्हणाला, "तुझ्या आजीला वाचता येत न्हाई हे बरंय, न्हाईतर तिनंच पुस्तक लिहिलं असतं."

मी पदर सावरून गाडीत चढले.

संक्रांतीनंतर अंबरीन आली. अंबरीन परतूरची, सलीम शिंप्याची मुलगी, शीतलची जिवाभावाची मैत्रीण. बसून पाणी प्यायच्या आधीच तिनं फोन काढून जाहिरात दाखवली. परतूरच्या वाचनालयात रविवारी दिवसभर 'गढी'चे डाव होणार होते. हरिओम स्वतः गढी राखणार होता. खाली ठळक अक्षरांत होतं, 'निर्मात्याला हरवा! जो गढी घेईल, त्यानं लिहिलेलं एक पान दुसऱ्या आवृत्तीत जसंच्या तसं छापू.'

"दादी, वाचलं का? जसंच्या तसं!" अंबरीन म्हणाली. "चार गावांत झालं हे. अजून कुणीच हरवलं न्हाई त्याला. शीतल, तू बस ना खेळायला."

"मी न्हाई," शीतल म्हणाली.

"मी बसते," मी म्हणाले.

दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. मग अंबरीननं टाळी दिली. "दादी, सोडायचं न्हाई बरं का त्याला. बिलकुल!"

"आजी, तो हसंल तुला सगळ्यांपुढं," शीतल म्हणाली.

"हसू दे. हसताना माणसाचं लक्ष नसतं."

पंधरा दिवस आम्ही ओसरीवर खेळलो. शीतल आधी नुसती बघायची, मग चिडून चुका दाखवायला लागली, मग स्वतः गढी राखायला बसली. परतूरचा डाव दोघांचाच, तो असा. पटाच्या मध्ये गढी, गढीत एक कोठाराचं घर. राखणाऱ्याकडं चार शिपाई. चढाई करणाऱ्याला नऊ डावांत आपला एक तरी गडी कोठारात पोचवायचा. वाघमाणसं भिंत फोडून जातात, गरुडमाणसं उडून. पोखरे जमिनीखालून जातात. फाशाचं जेवढं दान, तेवढी घरं खणायची, आणि हवं तिथं बिळाचं तोंड उघडायचं. उघड्या तोंडावर शिपाई उभा राहिला की ते बंद. चार तोंडं उघडून चारही बंद झाली की राखणारा एकदाच धूर सोडू शकतो. धूर सुटला की आतले पोखरे संपले.

आणि एक नियम वहीत होता तो हरिओमनं तसाच उचलला होता. मी पुस्तकात शोधून पाहिला. बारीक अक्षरांत, पान अकराच्या तळाशी : 'पोखऱ्यांच्या बिळाला एक आंधळं दार असतं. ते पटावर दाखवत नाहीत. खेळ सुरू होण्याआधी त्याची जागा चिठ्ठीवर लिहून पंचाकडं द्यावी. उघड्या तोंडापासून ते तीन घरांच्या आत असावं. धूर सुटल्यावर पोखरे त्यातून बाहेर पडतात. त्यावर शिपाई उभा असेल तर ते उघडत नाही.'

"पोखरे कुणी घेतच न्हाई," अंबरीन म्हणाली. "पान वाचून लोकांना घाण वाटती. म्हणून ह्याच्याशी गाठ पडलीच न्हाई त्याची."

रविवारी सकाळी आम्ही परतूरला गेलो. वाचनालयाच्या दालनात सतरंज्या टाकल्या होत्या, चाळीसेक पोरंपोरी होती. ग्रंथपाल साधनाताई पंच होत्या. दुपारपर्यंत हरिओमनं पाच जणांना हरवलं. प्रत्येक वेळी तो काहीतरी बोलायचा आणि पोरं हसायची. माझी पाळी आली तेव्हा मी दोन चिठ्ठ्या साधनाताईंकडं दिल्या. एकीवर नाव होतं. दुसरी मी घरूनच लिहून आणली होती. त्यांनी एक वाचून बाजूला ठेवली, दुसरीकडं एकदा पाहिलं, घडी तशीच ठेवून पेपरवेटखाली सरकवली.

हरिओमनं मला ओळखलं. शीतलला दारापाशी उभी बघून त्याचा चेहरा जरा उतरला, पण लोक बघत होते.

"अरे वा, तीर्थपुरीच्या आजी! या या. कोणती जमात घेता? वाघ देऊ? सोपी असते."

"पोखरे."

मागं कुणीतरी हसलं. हरिओम सगळ्यांकडं वळून म्हणाला, "बघा, पहिल्यांदाच कुणीतरी उंदीर मागितला." मग माझ्याकडं, जरा मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं, "आजी, नियम वाचून दाखवू का?"

"राहू दे बाबा. तुला तरास."

त्यानं पुठ्ठ्याचे पोखरे पुढं केले. वाकडे दात, गळती नाकं, पाठीवर चोरीचं गाठोडं. मी ते परत सारले आणि कमरेच्या पिशवीतून पाच चिंचोके काढून पटाच्या कडेला मांडले.

"हे माझे."

"चालतंय का साधनाताई?"

"चालतंय," साधनाताई म्हणाल्या. "सुरू करा."

मी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. हरिओमनं चारही शिपाई कोठाराच्या घरात उभे केले. पहिल्या दोन डावांत मी खणत गेले आणि गढीच्या मागच्या बाजूला, कोठारापासून लांब, एक तोंड उघडलं. त्यानं एक शिपाई उचलून तिथं ठेवला.

"एक भोक, एक शिपाई. सोप्पा हिशोब."

चौथ्या डावात दुसरं तोंड. दुसरा शिपाई गेला. सहाव्यात तिसरं. तिसरा गेला. प्रत्येक वेळी मी तोंड उघडलं की हळूच "अगं बाई" म्हणायचे, चुकून उघडल्यासारखं. पोरं हसायची. शीतल दारातून आत आली होती आणि अंबरीनचा हात धरून उभी होती.

आता कोठारात एकच शिपाई उरला होता. पण माझं बीळ कोठारापासून अजून सात घरं लांब होतं. तीन घरांच्या आत पोचायचं तर चार घरं खणायला लागणार होती. सातव्या डावात दान पडलं एक.

"आजी दमल्या," हरिओम म्हणाला. "पाणी आणा रे कुणीतरी."

उरली सहा घरं. आठव्या डावात तीन तरी पडायला हवे होते. मी फासा हातात घेतला तेव्हा पान अकरावरच्या ओळी माझ्या कानात वाजत होत्या. यांच्या बायका पोरांना चोरी शिकवतात. माझ्या आईनं उपाशी पोटी माती लोटून तिसरं कोठार बुजवलं होतं. मी फासा टाकला.

तीन.

मी खणलं आणि चौथं तोंड उघडलं. हरिओमनं पटाकडं पाहिलं. शेवटचा शिपाई कोठारात ठेवला असता तर तो नुसता बसून जिंकला असता. माझ्याकडं एकच डाव उरला होता. पण चारही तोंडं बंद झाली की त्याला धूर सोडता येणार होता, आणि धूर अजून कुणावर सोडायला मिळाला नव्हता. चाळीस जणांपुढं म्हातारीला नुसतं हरवण्यात काय मजा. तिचे उंदीर धुरानं मारायला त्याला हवे होते. मी ते त्याच्या डोळ्यांत बघितलं. दोन वर्षांपूर्वी बाभळीखाली जातानाही तो असाच दिसत होता, सगळं कळल्यासारखा.

त्यानं शेवटचा शिपाई उचलला आणि चौथ्या तोंडावर ठेवला.

"चारही बंद. धूर!" तो ओरडला आणि दोन्ही हात वर केले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "सॉरी आजी. आत गुदमरून मेले सगळे."

"मेले?"

"मेले की."

"तू बघितलंस?"

तो हसला. "नियम आहे आजी."

"नियम हायेच. साधनाताई, ती चिठ्ठी उघडा बरं."

साधनाताईंनी पेपरवेट उचलला. अक्षरं वाकडी होती म्हणून त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं, "आंधळं दार कोठाराच्या घरात आहे. चतुराबाई."

 कुणीतरी बोटानं घरं मोजली. चौथ्या तोंडापासून तीन. कोठारावर शिपाई नव्हता. मी पाचही चिंचोके उचलले आणि एकेक करून कोठारात ठेवले.

"असला काही नियम..." हरिओम म्हणाला.

"पान अकरा. सगळ्यात खाली," अंबरीन ओरडली. "तूच छापलाय! वाचायचा राहिला का रे?"

"तू ऊन लागतंय म्हणून गेलास," मी त्याला म्हणाले. "तेव्हा धूर कोंडला आणि तीन हातांवर जमीन आपोआप फुटली. वर नखाएवढीच माती असते. उंदीर माझ्या पायावरून निघून गेला. शीतलनं बघितलं. म्हणून तिला लिहिता आलं. तू नुसतं उतरवून घेतलंस."

त्याचे कान लाल झाले. पण तो हुशार पोरगा. लगेच हसून म्हणाला, "भारी, आजी! मानलं. आता पान काय लिहायचं ते सांगा, मी लिहून घेतो."

"मी लिहिते. कागद दे."

सतरंजीवर बसून मी अर्धा तास लिहिलं. कुणी उठलं नाही. जोडाक्षरं अडली तिथं मी थांबले, पण कुणाला विचारलं नाही. लिहून झाल्यावर साधनाताईंनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

'पोखरे माझ्या आईमुळं आहेत. तिचं नाव सगुणाबाई. तिनं दुष्काळात बिळं खणली आणि प्रत्येक बिळात एक कोठार सोडलं. ती भित्री नव्हती. तिनं मला चोरी शिकवली नाही. माझी नात शीतल हिनं हे सगळं हिरव्या वहीत लिहिलं. हरिओम आमच्या घरी तीन दिवस जेवला आणि वही फोटो काढून घेऊन गेला. त्यानं काहीच सोडलं नाही. म्हणून मी त्याच्या मागं आले. चतुराबाई, तीर्थपुरी.'

हरिओम माझ्याजवळ येऊन खाली बसला. आवाज एकदम बारीक झाला होता. "आजी, शीतलचं नाव घालतो ना मी. मोठ्या अक्षरांत घालतो. पण हे असं नका. माझे आईवडील वाचतील. मी ते पान गंमत म्हणून लिहिलं होतं."

"मंग हे बी गंमत म्हणूनच घे."

"निदान शुद्धलेखन तरी नीट करू द्या."

"हात लावायचा न्हाई. जसंच्या तसं."

"आजी, बास आता," शीतल हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला तिचं ऐकावंसं वाटलं नाही. तिनं क्षमा करावी, तिचं वय आहे. मी त्याच्याकडं बघत राहिले. त्यानं मान खाली घातली तरी बघत राहिले.

"दादी," अंबरीन म्हणाली, "झाकणावरचं नाव बी बदलायला लावा ना. आत्ताच."

हरिओमनं दचकून वर पाहिलं. मी जरा विचार केला.

"न्हाई. ते त्याचं त्याला राहू दे. एक कोठार सोडायचं असतं."

त्याला ती माया वाटली. त्यानं माझ्या पायाला हात लावला. घरी येताना गाडीत अंबरीन माझ्यावर रुसून बसली होती. मी तिला म्हणाले, "येडे, झाकणावर त्याचं नाव नसतं, तर माझ्या पानावरचा हरिओम कोण हे कुणाला कळलं असतं का?" मग ती परतूरचा फाटा मागं पडेपर्यंत हसत राहिली.

दुसरी आवृत्ती उन्हाळ्यात आली. पान अकरावर जुन्या मजकुराच्या जागी माझं पान होतं. साधनाताईंनी माझा कागद समोर ठेवून ते स्वतः तपासलं होतं. माझ्याच हातच्या अक्षरांत छापलंय, वाकडं ते वाकडं. शीतलनं पोखऱ्यांची नवी चित्रं काढली, ती मात्र तिनं हरिओमला दिली नाहीत. हिरव्या वहीत आहेत.

परवा त्याचा शीतलला फोन आला होता. तिनं फोन कानाला लावूनच मला सांगितलं, "आजी, हरिओम म्हणतो, जिथं जाईल तिथं लोक डाव मांडायच्या आधी पान अकरा काढतात आणि त्यालाच मोठ्यानं वाचायला लावतात. काय करू म्हणतो."

मी मोहरी निवडत होते.

"वाचत जा म्हणावं. त्याला येतं वाचायला."